घरच्या बियाण्याचं एक एकर: सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारीत तज्ज्ञाचा पुरावा कसा उभा राहिला

हे प्रकरण मी ग्राहक आयोगात तक्रारदाराचा वकील म्हणून चालवलं. गाव, माणसं, बियाणे कंपनी आणि दुकान यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. दिवाणी न्यायालयात तज्ज्ञ म्हटलं की हस्ताक्षर नाहीतर अंगठ्याचा ठसा आठवतो. आमच्याकडे मराठवाड्यात मात्र तज्ज्ञाच्या पुराव्याची सगळ्यात जास्त फरफट बियाण्याच्या तक्रारींत होते, म्हणून हेच प्रकरण निवडलं.

पार्श्वभूमी

लातूर-धाराशिव सीमेवरचं गाव. तक्रारदाराला आपण आबा म्हणू. पाच एकर कोरडवाहू रान, सगळं एकाच गटात, काळी जमीन.

साल 2021. त्याच्या आदल्या खरिपात, 2020 ला, सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारींचा ढीग लागला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती. पुढे त्याच वर्षी ऐन काढणीत पाऊस लागला आणि बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीनही भिजलं. त्यामुळे 2021 च्या उन्हाळ्यात कृषी खात्याने गावोगाव एकच धोशा लावला होता: घरचं बियाणं वापरा, पण आधी उगवणशक्ती तपासा.

आबांच्या घरी मागच्या साली पावसाच्या आधी काढलेलं एक पोतं होतं. कृषी सहायकाने ओसरीवर बसून ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायला लावले. 78 उगवले. त्याची नोंद सहायकाच्या वहीत झाली. पण घरचं बी एकाच एकराला पुरणारं होतं. उरलेल्या चार एकरांसाठी तालुक्याच्या दुकानातून एका खासगी कंपनीच्या तीस-तीस किलोच्या चार पिशव्या आणल्या, 3,300 रुपये पिशवीप्रमाणे, अर्धे रोख आणि अर्धे उधारीवर. वाण दोन्हीकडे एकच, जेएस-335. विकतच्या बियाण्याची गोणपाट चाचणी केली नाही. आबांचं म्हणणं साधं होतं, "पैसे देऊन आणलेलं बी परत कशाला तपासायचं?"

16 जूनला भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरणी झाली. पेरणीयंत्र एकच, चालक एकच, खोलीही तीच. आधी घरचं एक एकर, मग विकतचं चार एकर.

अडचण

आठव्या दिवशी घरच्या बियाण्याचं एकर हिरव्या ओळींनी भरलं आणि शेजारचं चार एकर उघडं राहिलं. 25 जूनला आबांनी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली. 2 जुलैला तालुका तक्रार निवारण समिती रानात आली: तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचे कृषी अधिकारी आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एक शास्त्रज्ञ. कंपनीच्या प्रतिनिधीला फोन केला होता, तो आला नाही. त्या आठवड्यात समितीकडे अशा तक्रारींची रांग होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

अहवाल छापील नमुन्यावर होता. गट नंबर, क्षेत्र, वाण, लॉट नंबर (बियाण्याच्या एकाच खेपेचा क्रमांक), पेरणीची तारीख, एवढे रकाने भरलेले. शेवटी एक ओळ: "सरासरी उगवण 20 ते 25 टक्के आढळली. बियाणे सदोष असल्याने उगवण कमी झाल्याचे दिसून येते." खाली तीन सह्या.

5 जुलैला आबांनी चार एकर मोडून दुबार पेरणी केली. ते बरोबरच होतं. पुरावा जपण्यासाठी कुणी खरीप सोडत नाही. माझ्याकडे ते आले ऑगस्टच्या अखेरीस. हातात अहवालाची झेरॉक्स, दुकानाची पावती (तिच्यावर लॉट नंबर नाही) आणि तीन रिकाम्या पिशव्या, टॅगसकट. चौथी पिशवी गड्याने पावसात खोळ करून डोक्यावर नेली होती ती परत आलीच नाही.

आबा निश्चिंत होते. "साहेबांनी लिहूनच दिलंय की बी सदोष आहे म्हणून. आता काय राहिलं?"

बरंच काही राहिलं होतं.

कायदा तज्ज्ञाकडून काय मागतो

तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 खाली विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे अशा विषयांत विशेष जाणकाराचं मत न्यायालय विचारात घेऊ शकत होतं. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 ने घेतली, आणि विषयांच्या यादीत आता "इतर कोणतेही क्षेत्र" हेही आलं. पण आमच्या कामाचं कलम दुसरंच: जुनं 51, नवं 45. मत ज्या कारणांवर उभं आहे ती कारणंही संबद्ध, म्हणजे पुराव्यात विचारात घेण्याजोगी ठरतात, असं ते सांगतं. ग्राहक आयोगाला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, तरी तत्त्व हेच चालतं.

1999 साली हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर सफरचंदाच्या बागांचा प्रश्न होता. उद्यान अधिकाऱ्याने बागांच्या उत्पादनाचा अंदाज दिला होता. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. तज्ज्ञाने आपला निष्कर्ष तपासता येईल अशा शास्त्रीय कसोट्या न्यायाधीशापुढे ठेवायच्या असतात, म्हणजे न्यायाधीश स्वतःचं मत बनवू शकतो. नुसतं पद आणि शिक्का पुरत नाही, असा त्याचा आशय. आबांच्या अहवालावर तीन शिक्के होते आणि कसोटी एकही नव्हती.

बियाण्याच्या तक्रारींतले दोन निकाल दोन्ही बाजूंचे वकील खिशात घेऊन फिरतात. 2012 च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणं बाजूला काढून ठेवावं ही अपेक्षाच अवाजवी आहे. तो आणलेलं सगळं पेरतो. हा आमचा. 2005 च्या हरियाणा सीड्स विरुद्ध साधू मध्ये पिकाच्या स्थितीतला फरक बियाण्यामुळेच पडला असं धरता येत नाही, इतर कारणंही असू शकतात, असं म्हटलं. हा कंपनीचा. दोन्ही एकत्र वाचले तर शेतकऱ्याची नमुना जपण्याच्या ओझ्यातून सुटका होते, पण कारण सिद्ध करण्याच्या ओझ्यातून होत नाही.

कारण सिद्ध करायचं तर एक फरक आधी समजून घ्यावा लागतो, आणि समितीच्या अहवालाने नेमका तोच बुजवून टाकला होता. सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवणशक्ती 70 टक्के असावी लागते. ही मोजणी प्रयोगशाळेतली: शंभर-शंभर दाण्यांचे चार संच, ठराविक तापमान, ठराविक ओल, आठव्या दिवशी अंतिम मोजणी. समिती रानात मोजते ते वेगळं. ती मोजते मातीच्या वर किती मोड आले ते. मध्ये माती असते, पावसाचा खंड असतो, पपडी असते, खोल गेलेला दाणा असतो, बुरशी असते. रानात 25 टक्के उगवलं म्हणजे पिशवीत 25 टक्केच जिवंत होतं, असं थेट म्हणता येत नाही. हे अंतर कुणीतरी पायरी-पायरीने ओलांडून दाखवलं पाहिजे, आणि तज्ज्ञाचं काम ते आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे अहवाल आहे तसा लावायचा आणि मधुसूदन रेड्डीवर भिस्त ठेवायची. बरीच प्रकरणं अशीच दाखल होतात. काही जमतात, काही साधूच्या निकालावर आपटतात.

दुसरा पर्याय ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38(2)(सी) चा. वस्तूतला दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. आबांकडे दाणाही उरला नव्हता, पण बियाणे नियम 1968 प्रमाणे विक्रेत्याला लॉटचा अभिलेख तीन वर्षं ठेवावा लागतो आणि लॉटचा नमुना संपूर्ण लॉट विकून झाल्यावर निदान एक वर्ष जपावा लागतो. तो नमुना मागवून परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत पाठवायचा, असा माझ्या ज्युनियरचा आग्रह होता. मी थांबवलं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. साठवणीत त्याची उगवणशक्ती झपाट्याने उतरते. आयोगात अर्ज, त्यावर म्हणणं, आदेश, मग नमुना, म्हणजे सहा-आठ महिने सहज. तेव्हा निकाल कमी आला असता तर कंपनी म्हणाली असती, "जुनं झालं." जास्त आला असता तर आम्ही संपलो असतो, कारण कंपनीच्या गोदामात जपलेला नमुना आणि दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळा काढलेली पिशवी यांची तुलनाच होत नाही. जी चाचणी जूनबद्दल काही सांगू शकत नाही ती मागून काय मिळवायचं? हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. नमुना मात्र आम्ही वेगळ्या कामासाठी मागितला, ते पुढे येईल.

तिसरा पर्याय खासगी तज्ज्ञाचा. निवृत्त बीजशास्त्रज्ञाकडून कागदपत्रांवर मत घ्यायचं. त्याने ते रान पाहिलेलं नसणार, आणि आम्ही पैसे देऊन आणलेला म्हणून पहिला प्रश्न त्यालाच बसणार.

चौथा पर्याय: ज्यांनी पाहिलं त्यांनाच बोलतं करायचं.

काय केलं

चौथ्या पर्यायाकडे वळण्याचं कारण पुतण्याचा मोबाईल. समिती आली तेव्हा त्याने दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात एक आवाज येतो, "इकडं तर चांगलं उगवलंय की, हे कुणाचं रान?" आणि आबा म्हणतात, "माझंच हाय, घरचं बी हाय." मग एक माणूस वाकून ओळीवर पट्टी ठेवताना दिसतो. तो माणूस विद्यापीठाचा शास्त्रज्ञ. म्हणजे घरच्या बियाण्याच्या एकरातही मोजणी झाली होती आणि अहवालात तिचा शब्द नव्हता. छापील नमुन्यात तसा रकानाच नाही.

शास्त्रज्ञांना फोन केला. त्यांनी सांगितलं, नोंदी माझ्या वहीत आहेत, पण मी सरकारी माणूस. आयोगाने बोलावलं आणि विद्यापीठाने परवानगी दिली तरच बोलेन. हे उत्तर मला आवडलं. तक्रार दाखल केल्यावर पहिला अर्ज हाच दिला: समितीच्या या सदस्याला मूळ नोंदवहीसह शपथपत्र दाखल करण्याचं पत्र द्यावं. परवानगी यायला चार महिने गेले.

दरम्यान एक वाद घरातच झाला. दुकानदाराला गैरअर्जदार, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष, करायचं की नाही. आबा तयार नव्हते. दुकानदार ओळखीचा, वर्षानुवर्षं उधारी देणारा, पोराच्या लग्नात आलेला. मी समजावलं की कंपनी उद्या म्हणेल, माल आमच्याकडून चांगला निघाला, दुकानात बिघडला. तेव्हा उत्तर द्यायला तो समोर पाहिजे. शेवटी आबा स्वतः दुकानात गेले, चहा घेतला, सांगून आले की वकील म्हणतो म्हणून नाव टाकतोय. दुकानदाराने पुढे साठा रजिस्टर आपणहून दाखल केलं. त्यातला लॉट नंबर आमच्या तीन टॅगांशी जुळला. चौथ्या पिशवीचा प्रश्नही त्या रजिस्टरनेच सुटला.

मग शास्त्रज्ञांचं शपथपत्र आलं. त्याचे त्यांनी स्वतःच दोन भाग केले होते: मी काय पाहिलं, आणि त्यावरून मला काय वाटतं.

पाहिलेलं असं. विकतच्या बियाण्याच्या चार एकरांत सात ठिकाणी एक-एक मीटर ओळ मोजली. रोपं 5, 7, 8, 6, 7, आणि बांधालगतच्या दोन जागी 2 आणि 3. घरच्या बियाण्यात तीन ठिकाणी 18, 17, 19. प्रत्येक ठिकाणी माती उकरून दाणे पाहिले. पाच ठिकाणी दाणे 3 ते 5 सेंटीमीटर खोल, फुगून कुजलेले, मोड न फुटलेले. बांधालगत ट्रॅक्टर वळतो तिथे दाणे 7 सेंटीमीटरपर्यंत गेलेले. पपडी नाही. ओल होती.

त्या शेवटच्या दोन जागांनी आमच्या ऑफिसात खळबळ उडाली. पेरणी खोल गेली हा कंपनीचा बचाव आणि तो आमच्याच साक्षीदाराच्या वहीत. ज्युनियर म्हणाला, सरांना विनंती करू, फक्त पाच जागांचं शपथपत्र द्या. आबांनाही तेच वाटत होतं. मी नाही म्हटलं. एक कारण तत्त्वाचं: तज्ज्ञ आयोगाला मदत करायला येतो, मला नाही. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं: मूळ वही दाखल होणारच होती.

आता मत. दर एकरी 30 किलो बियाणं, ओळीतलं अंतर 45 सेंटीमीटर आणि त्या वाणाच्या दाण्याचं सर्वसाधारण वजन धरलं तर मीटरभर ओळीत साधारण 28 दाणे पडतात. घरच्या बियाण्याची गोणपाटातली उगवण 78 टक्के होती आणि रानात मीटरला सरासरी 18 रोपं, म्हणजे 64 टक्के. याचा अर्थ त्या जमिनीने, त्या पावसाने, त्या यंत्राने जिवंत दाण्यांपैकी अठराएक टक्के खाल्ले. विकतच्या बियाण्यात खोल गेलेल्या दोन जागा वगळून सरासरी 6.6 रोपं, म्हणजे 24 टक्क्यांच्या आत. जमिनीचा तोच हिस्सा इथेही धरला, तरी पेरताना पिशवीतल्या बियाण्याची उगवणशक्ती 29 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून, ते लिहितात, "सदर बियाण्याची पेरणीसमयीची उगवणशक्ती 70 टक्क्यांपेक्षा बरीच कमी असावी, असे माझे मत आहे. ती कोणत्या टप्प्यावर कमी झाली हे मला सांगता येणार नाही."

हे शपथपत्र मी तीनदा वाचलं. अहवालातलं "सदोष" कुठेच नव्हतं, आणि तरीही अहवालापेक्षा हे दसपट वजनदार होतं.

सोबत दोन कागद जोडले. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद, 11 ते 15 जून 96 मिलिमीटर. पेरणीआधी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा ही कृषी खात्याची नेहमीची शिफारस. आणि कृषी सहायकाची 78 दाण्यांची नोंद. तिच्याशिवाय वरचं गणित उभंच राहिलं नसतं. व्हिडिओसाठी पुतण्याच्या नावाने जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र घेतलं.

तज्ज्ञाला विचारलेले प्रश्न

ग्राहक आयोगात प्रकरण शपथपत्रांवर चालतं. पण तज्ज्ञाला प्रश्न विचारायचे असतील तर लेखी प्रश्नावली, कमिशन (साक्ष नोंदवायला नेमलेला माणूस) किंवा व्हिडिओद्वारे विचारता येतात, हे डॉ. जे. जे. मर्चंट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगून ठेवलं आहे. कंपनीने 22 प्रश्नांची प्रश्नावली दिली. बहुतेक प्रश्न नेहमीचे होते. दोन मात्र खरे होते.

पहिला: घरच्या बियाण्याचा दाणा विकतच्यापेक्षा लहान असेल तर तेवढ्याच वजनात जास्त दाणे पडतील, तुम्ही शंभर दाण्यांचं वजन केलं होतं का? उत्तर: नाही, केलं नव्हतं. मात्र दाण्याच्या आकारात वीस टक्के फरक धरला तरी रोपांच्या संख्येतला जवळपास तिप्पट फरक त्यातून निघत नाही.

दुसरा: दोन खोल जागा तुम्ही गणितातून का वगळल्या? उत्तर: तिथे कमी उगवणीचं दुसरं कारण मला दिसत होतं, म्हणून ती बियाण्याच्या माथी मारणं योग्य नव्हतं.

या दुसऱ्या उत्तरावर कंपनीचे वकील युक्तिवादात परत आलेच नाहीत.

आमचीही प्रश्नावली गेली. कंपनीने आपल्याच प्रयोगशाळेचा एप्रिलमधला अहवाल लावला होता, उगवण 76 टक्के. आम्ही विचारलं: चाचणी कुणी केली, त्याचं शपथपत्र कुठे आहे, एप्रिल ते जून माल कुठे आणि कसा ठेवला होता, आणि नियमाप्रमाणे जपलेला नमुना आहे का? नमुना आम्हाला तपासायचा नव्हता. तो आहे की नाही एवढंच रेकॉर्डवर आणायचं होतं. उत्तर आलं, चाचणी करणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला आहे आणि नमुना "उपलब्ध नाही".

समितीने लेखी नोटीस दिली नव्हती, हा कंपनीचा सर्वांत ठाशीव आक्षेप होता आणि तो खराही होता. अहवालापुरता तो आम्ही मान्य केला. आमची भिस्त आता अहवालावर राहिलीच नव्हती, आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारण्याची पूर्ण संधी कंपनीला मिळाली होती.

निकाल

तक्रार अंशतः मंजूर झाली. आयोगाने समितीच्या अहवालाला "निष्कर्षाची कारणे नमूद नसलेला" म्हणून बाजूला ठेवलं आणि शास्त्रज्ञांचं शपथपत्र स्वीकारलं. दोन खोल जागा स्वतःहून सांगितल्या याचा आदेशात वेगळा उल्लेख आहे. दोष कंपनीकडे झाला की दुकानात हे सिद्ध झालं नाही, म्हणून जबाबदारी दोघांवर संयुक्त ठेवली.

बियाण्याची किंमत 13,200 आणि दुबार पेरणीचा खर्च 21,000 पूर्ण मिळाला. उत्पन्नाच्या नुकसानीपोटी आम्ही 2,78,200 मागितले होते. मिळाले 40,000, ठोक. शिवाय मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मिळून पंधरा हजार. कंपनीने अपिलाची भाषा केली. अपिलासाठी आदेशित रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते, आणि शेवटी कंपनीच व्याज सोडून रक्कम देते म्हणाली. आबांनी मान्य केलं. दुकानदाराकडून एक पैसा घेतला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

2 जुलैला समिती आली तेव्हा त्याच लॉटच्या दोन पिशव्या दुकानात न विकलेल्या होत्या, हे साठा रजिस्टरवरून नंतर कळलं. बियाणे नियमांच्या 23-अ प्रमाणे अशी लेखी तक्रार आली की बीज निरीक्षकाने टॅग, पिशव्या, शक्य तर उरलेलं बियाणं ताब्यात घ्यायचं आणि लॉटचे नमुने बीज विश्लेषकाकडे पाठवायचे असतात. त्या दिवशी नमुना निघाला असता तर तो जूनबद्दल काहीतरी सांगू शकला असता आणि एवढं गणित करायची वेळच आली नसती. आबांनी तक्रारीत "लॉटचा नमुना घ्यावा" एवढी एक ओळ लिहिली असती तरी पुष्कळ होतं. हल्ली तक्रार लिहून द्यायला कुणी आलं तर मी ही ओळ आधी लिहितो.

शंभर दाण्यांचं वजन राहून गेलं. शास्त्रज्ञ स्वतः म्हणाले की पुढच्या वेळी खिशात वजनकाटा ठेवीन.

पण खरी चूक माझी आहे आणि ती नुकसानीच्या आकड्यात आहे. दोष सिद्ध करण्यात मी इतका गुंतलो की नुकसान किती हाही तज्ज्ञाचाच विषय आहे, हे विसरलो. आबांच्या आग्रहाने आम्ही एकरी 8 क्विंटल आणि ऑगस्टमधला दहा हजारांच्या आसपासचा भाव लावला. आयोगाने विचारलं की जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन ऑगस्टमध्ये कोण विकतो? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑक्टोबरमध्ये माल आला तेव्हा भाव बराच खाली आला होता.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. सप्टेंबरच्या 27-28 ला गुलाब चक्रीवादळाचा पाऊस झाला, मांजरा-तेरणा काठी हाहाकार उडाला. आबांच्या दुबार पेरणीच्या शेंगांना तेव्हा जागेवरच कोंब फुटले. कंपनी म्हणाली, हे नुकसान आभाळाने केलं, बियाण्याने नाही. आमचं म्हणणं होतं की 16 जूनची पेरणी उगवली असती तर शंभर दिवसांत, म्हणजे त्या पावसाच्या आधी, पीक घरात आलं असतं. दुबार पेरणीमुळेच ते पावसात सापडलं. युक्तिवाद म्हणून हे ठीक होतं, पण पुरावा लागत होता. जय लाल मधली सफरचंदं इथे आमच्यावर उलटली: उत्पादनाचा अंदाज सांगणारा कुणी जाणकार नाही, मोजमाप नाही, फक्त आबांचं शपथपत्र. आयोगाने चाळीस हजार ठोक दिले, ते सौजन्यानेच म्हणायचे.

आणि पुरावा रानातच होता. घरच्या बियाण्याचं ते एकर 22 सप्टेंबरला काढलं, पावसाच्या पाच दिवस आधी. त्या एका एकराचा उतारा वेगळा तोलून पावती ठेवली असती तर उरलेल्या चार एकरांचं नुकसान कुणालाही हिशोबाने काढता आलं असतं. आबा माझ्याकडे ऑगस्टमध्ये आले होते. काढणीला महिना बाकी होता. मी त्यांना टॅग जपायला सांगितलं, पुतण्याला मोबाईल बदलू नको म्हणून सांगितलं, पावत्या फाईलला लावायला सांगितल्या. ते एकर वेगळं मळा, हे सांगायचं सुचलं नाही. दिवाळीच्या आधी मळणीयंत्र आलं तेव्हा घरच्या एकराची गंजी आणि दुबारीची डागी गंजी एकामागोमाग त्यात गेली आणि सगळं सोयाबीन एकाच ढिगात पडलं.